बोली चढवतंय कोण, ते आधी बघा

मी लेस्नी या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या मॅचबॉक्स खेळण्यातल्या गाड्या जमवतो. पाच नंबरची लाल लंडन बस, मूळ खोक्यासकट, एका ऑनलाइन लिलावात थोडक्यात हुकली. दोनच दिवसांत विक्रेत्याचा निरोप आला: 'जिंकणारा मागे हटला, तुमच्या शेवटच्या बोलीला देतो.' मी आनंदाने पैसे भरले. नंतर त्याचे बाकीचे लिलाव चाळले, तर तिथेही किंमत चढवणारा तोच मागे हटलेला 'जिंकणारा'. भाव फुगवायला विक्रेत्यानेच बसवलेला माणूस असावा, असा संशय आला.

तेव्हापासून बोलींची यादी वाचल्याशिवाय मी हात घालत नाही. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर बोलींच्या आकड्यावर टिचकी मारली की ती उघडते. नावं झाकलेली असतात, पण शेजारी त्या माणसाला जुन्या व्यवहारांत मिळालेल्या प्रतिसादांचा आकडा असतो. तो शून्याच्या आसपास आहे आणि लिलाव संपायला चार दिवस असताना माणूस थोड्याथोड्या रकमेने एकटाच चढत राहिलाय? मग त्याचा तपशील उघडा. गेल्या 30 दिवसांतल्या किती टक्के बोली याच विक्रेत्याकडे लावल्या, ते तिथे कळतं. शंभर टक्के दिसले म्हणून लगेच चोर ठरवू नका, नवखा गिऱ्हाईकही असू शकतो. मात्र त्याच विक्रेत्याच्या चार लिलावांत तो असाच चढून प्रत्येक वेळी हरला असेल, तर सरळ तक्रार करा.

भाव ठरवताना मागितलेल्या किमती बघू नका, विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे बघा. आपली मर्यादा कागदावर लिहा आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदाच बोली लावा. 'दुसरी संधी', म्हणजे मला आला तसा निरोप आला, तर संशयित बोलीच्या आधीचा भाव सांगा. नाही म्हणाला, तर सोडून द्या.