हौशी (हॅम) रेडिओच्या हँडसेटवर मोठ्याने बोललं की आवाज फाटतो: माझा अनुभव

दोन मीटर बँडवर (१४४ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या फ्रिक्वेन्सी) मित्राचा आवाज हळू बोलताना स्वच्छ, जोर दिला की फाटायचा. माझा त्याला बारीक ऐकू जायचा. अँटेना, बॅटरी बदलली, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सेटिंग) कमी केला. पंधरा दिवस वाया गेले!

शेवटी कारण कळलं: चॅनलची रुंदी. त्याचा सेट वाइड (२५ किलोहर्ट्‌झ), माझा नॅरो (१२.५). वाइडचं डेव्हिएशन (आवाजामुळे फ्रिक्वेन्सी किती सरकते ते) ±५ किलोहर्ट्‌झ, आवाजासकट सिग्नलची रुंदी सुमारे १६. माझ्या अरुंद फिल्टरमध्ये ती मावणार कशी? माझं डेव्हिएशन ±२.५, म्हणून तिकडे आवाज बारीक.

उपाय म्हणजे माझा सेटही वाइड करणं. आधी व्हीएफओ मोड (फ्रिक्वेन्सी थेट टाकायचा मोड). फ्रिक्वेन्सी टाका. मेन्यूत ‘डब्ल्यूएन’ (वाइड-नॅरोची सेटिंग) वाइड करून मेन्यू बटणानेच पक्कं करा. जुना मेमरी चॅनल पुसा, मगच त्याच नंबरवर पुन्हा साठवा. चॅनल मोडमध्ये केलेला बदल माझ्या सेटवर टिकलाच नव्हता.