मुंबई ते गोवा बोटीने, वन-वे : आधी परतीचं बघा, मग केबिन

जायचं बोटीने आणि यायचं ट्रेनने नाहीतर विमानाने, असा प्लॅन हल्ली बरेच जण विचारतात आणि माझ्या मते मुंबई-गोवा क्रूझ करायची तर अशीच करावी, कारण राउंड ट्रिपला बोट गोव्यात जेमतेम दिवसभर थांबते, तेवढ्यात काय डोंबल गोवा बघणार. पण वन-वेत एक गोम आहे. लोक ऑफर दिसली की केबिन बुक करून मोकळे होतात आणि परतीचं नंतर बघू म्हणतात. रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधीच उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी १२० होते) आणि क्रूझची विक्री त्याच्या कितीतरी आधी सुरू असते, म्हणजे केबिनचे पैसे भरून झालेले असतात आणि परतीच्या कोकणकन्या एक्स्प्रेसला वेटिंग दीडशे. ख्रिसमस, न्यू इयर, लाँग वीकेंड असेल तर विसराच. त्यामुळे परतीची तारीख, गाडी किंवा फ्लाइट हे आधी कागदावर मांडा आणि मगच बोटीची तारीख धरा.

गाड्यांचं गणित असं की बोट सकाळी मुरगावला, म्हणजे वास्कोजवळच्या बंदरात लागते, सगळे उतरेपर्यंत वेळ जातो, आणि मुंबईची मांडवी एक्स्प्रेस मडगावहून सकाळीच सुटते, म्हणजे उतरल्या दिवशीच परतायचं असेल तर ती सोडून द्या. संध्याकाळची कोकणकन्या मिळाली तर उत्तम, सकाळी मुंबईत. आणि स्टेशन मडगाव धरा, वास्को नाही. वास्को बंदराला खेटून आहे म्हणून लोक तिथूनच गाडी शोधतात, पण मुंबईच्या बहुतेक गाड्या मडगाववरून जातात. विमानाने येणार असाल तर तिकीट काढताना विमानतळ डोळे फाडून वाचा. दाबोळी बंदरापासून टॅक्सीने हाकेच्या अंतरावर, आणि मोपा पार पेडण्यात, उत्तर टोकाला. दोन्ही ‘गोवा’ म्हणूनच दिसतात, हजार रुपये स्वस्त बघून मोपाचं तिकीट काढलं तर ते हजार टॅक्सीत जातात, वर आणखी थोडे.

आता बोट. या रूटवर २०२१ पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची एम्प्रेस ही बोट धावतेय, १९९० साली बांधलेली. शेड्युल बघताना एक गोष्ट नीट तपासा, गोवा हे त्या सेलिंगचं शेवटचं बंदर आहे की मधला थांबा. पुढे लक्षद्वीपला किंवा परत मुंबईला जाणाऱ्या बोटीतून मधेच बॅग घेऊन उतरलो आणि राहिलो, असं एसटीसारखं चालत नाही, प्रवाशांची यादी बंदरात आधीच दिलेली असते. तिकिटावर उतरण्याचं बंदर मुरगाव लिहिलेलं असलं पाहिजे. रेट दिसतो तो माणशी आणि दोघे एका केबिनमध्ये धरून. त्यावर पोर्ट चार्जेस, सर्व्हिस चार्ज, जीएसटी. एकटं जाणाऱ्याला जवळपास दोघांचे पडू शकतात. शेवटच्या पेजवरचा आकडा बघून मगच तुलना करा.

बाल्कनीच्या केबिनवर जादा पैसे घालवू नका असं मी सरळ सांगेन. एका रात्रीचा प्रवास आहे, सव्वादोनशेच्या आसपास सागरी मैल, म्हणजे चारशेवर किलोमीटर, त्यातला बराच भाग अंधारात, त्यात बोट किनाऱ्यापासून लांबून जाते, बाल्कनीतून रत्नागिरी-मालवण दिसेल ही आशा सोडा. खिडकी नसली की जीव घाबरा होत असेल तर मात्र सी व्ह्यू घ्या. बोट लागण्याचा त्रास असेल तर खालच्या डेकवरची, बोटीच्या मध्यावरची केबिन मागा, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. गोळी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून सुटायच्या आधी घ्यावी, मळमळायला लागल्यावर घेऊन फार उपयोग होत नाही. महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नारळी पौर्णिमा झाली म्हणजे समुद्र लगेच गप्प बसतो असं काही नाही.

बोर्डिंग बॅलार्ड पियरला. गाडी घेऊन जाऊ नका, येणार आहात दुसऱ्याच ठिकाणी, मग ती आणायला पुन्हा फोर्टात जा. लोकलने सीएसएमटी आणि पुढे टॅक्सी. वेब चेक-इन घरून करा, ओरिजिनल आयडी सोबत ठेवा, लहान मुलांचासुद्धा. मोठी बॅग टर्मिनलला घेतात आणि केबिनवर पोचायला कधीकधी संध्याकाळ होते, म्हणून औषधं, चार्जर, स्विमिंगचे कपडे हातातल्या पिशवीत. इस्त्री, किटली घरी ठेवा, तपासणीत काढून घेतात.

बोट सुटताना जेवणाच्या रांगेत उभं राहायचं नाही, डेकवर जायचं आणि उजवी बाजू पकडायची. बॅलार्ड पियर शहराच्या पूर्वेला, त्यामुळे दक्षिणेला निघालं की ताज, गेटवे, सगळा कुलाबा उजव्या हाताने सरकत जातो आणि शेवटी प्राँग्जचा दीपस्तंभ, १८७५ चा, पाण्यात एकटाच उभा. डावीकडे उरणची बाजू. उजेड असेल तर सूर्यास्तही उजवीकडेच. बंदराबाहेर आलं की पायलटची, म्हणजे बोट बंदरातून बाहेर काढून देणाऱ्या वाटाड्याची, छोटी बोट चिकटते आणि तो दोरीच्या शिडीवरून चालत्या बोटीतून खाली उतरतो, हे बघायला विसरू नका, बुफे दहा मिनिटांनी पण असतो. तेवढ्यात मोबाइलची रेंज जाते. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर बोटीवरचं सॅटेलाइट नेटवर्क पकडून रोमिंगचं बिल येऊ शकतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, उगाच काळजी नको.

सकाळी मात्र डावीकडे उभे राहा. आग्वादचं टोक, मांडवी नदीचं मुख, मग दोनापावला, आणि बोट आत वळली की उजवीकडे मुरगाव. हे मालवाहू बंदर आहे, कोळशाचे ढीग दिसतील, आत पायी फिरता येत नाही, शटल गेटपर्यंत सोडते. गेटवर टॅक्सीवाले जो पहिला आकडा सांगतील त्याला हो म्हणू नका. ओला-उबर शोधत बसू नका, गोवा माइल्सचं टॅक्सी अ‍ॅप आधीच टाकून ठेवा, आणि सामान कमी असेल तर वास्को स्टँडवरून मडगाव आणि पणजीला कदंबच्या (गोव्याची एसटी) शटल बस आहेत, तिकीट अगदी किरकोळ. कळंगुट-बागाचं हॉटेल घेतलं असेल तर लक्षात घ्या ते पार दुसऱ्या टोकाला आहे, तास-दीड तास सहज. एकच रात्र राहणार असाल तर बोगमाळो किंवा कोलव्याच्या बाजूला राहा, दाबोळी आणि मडगाव दोन्ही जवळ. आणि ट्रेनने येताना बॅगेत गोव्याच्या बाटल्या कोंबू नका, महाराष्ट्रात आणायला परवाना लागतो.