स्वस्त स्ट्रॅटचे पिकअप बदलताना

स्क्वायर (फेंडरचा स्वस्त ब्रँड) किंवा तत्सम स्ट्रॅटचा, म्हणजे स्ट्रॅटोकॅस्टर घाटाच्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज बद्द वाटला की बहुतेक जण थेट नवे पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे चुंबक-कॉइलचे भाग) मागवतात. आधी नव्या तारा चढवा, लहान केबलवर ऐका आणि पिकअपची उंची तपासा. शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून धरली की जाड ई तारेच्या खाली पिकअपपर्यंत सुमारे २ मिमी आणि बारीक ई तारेच्या खाली १.६ मिमी अंतर हवं. पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर चुंबक तार ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो.

तरी समाधान नसेल तर पिकगार्ड (पिकअप जिच्यावर बसवलेले असतात ती दर्शनी पाटी) उघडून पिकअपची मागची बाजू बघा. चपटी चुंबकपट्टी चिकटवलेली असेल तर तो सिरॅमिक पिकअप. त्याचे पोल (तारांखालचे सहा खुंट) साध्या लोखंडाचे असतात. तिथे अल्निको ५ चा (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या चुंबकांचा) सेट बसवला तर फरक नक्की कळतो. विल्किन्सन, आर्टेक, टोनरायडर यांचे सेट खिशाला परवडतात. पट्टी नसेल आणि पोलच चुंबक असतील तर तुमच्याकडे आधीच अल्निको आहे. मग तशाच दुसऱ्या स्वस्त सेटवर खर्च करण्यात अर्थ नाही.

ऑर्डरआधी फूटपट्टीने मोजा: पहिल्या आणि सहाव्या पोलच्या मध्यबिंदूंमधलं अंतर. स्ट्रॅटमध्ये ते साधारण ५२ मिमी असतं, पण बऱ्याच स्वस्त गिटारमध्ये ५० मिमी सापडतं. तार पोलच्या मिलिमीटरभर बाजूने गेली तर कानाला कळत नाही. मात्र ५० मिमीचं जुनं कव्हर ५२ मिमीच्या पोलवर बसणारच नाही. ब्रिजपाशी हंबकर (दोन कॉइलचा, गुणगुण कमी करणारा पिकअप) बसवायचा तर ५३ मिमीचा घ्या. बॉडी पातळ असेल तर पिकअप बसतो त्या खाचेची खोलीही मोजा.

किलोओमच्या आकड्याला भुलू नका. साध्या सिंगल कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपचा रोध ५.५ ते ६.५ किलोओम असतो. तेवढेच वेढे ४२ ऐवजी ४३ गेजच्या बारीक तारेचे दिले तरी आकडा चढतो. तार आणि चुंबक एकच असतील तरच तुलना करा.

शक्यतो मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवाचा असलेला सेट घ्या, म्हणजे स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी, जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात, गुणगुण दबते. एकच पिकअप बदलणार असाल तर फेज, म्हणजे सगळ्या पिकअपचे सिग्नल एकाच दिशेने जातात का, ते तपासा. मल्टिमीटर २० किलोओमवर ठेवून पिकअपच्या दोन वायरींना लावा, स्क्रूड्रायव्हर पोलला टेकवा आणि आकडा क्षणभर कुठे सरकतो ते बघा. तिन्ही पिकअपचा आकडा एकाच दिशेने सरकला पाहिजे. एखादा उलटा गेला तर त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा, नाहीतर दोन पिकअप एकत्र वाजताना आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा येतो.

हंबकरच्या वायरींचे रंग मात्र त्याच कंपनीच्या तक्त्यातून घ्या. सेमोर डंकनमध्ये सिग्नलची वायर काळी, डिमार्झिओमध्ये लाल. ग्राउंड दोन्हींत हिरवी.

पॉट (आवाज आणि टोनच्या नॉबखालचे भाग) सिंगल कॉइलला २५० किलोओमचे, हंबकरला ५०० चे. सीटीएस कंपनीच्या मोठ्या पॉटसाठी पिकगार्डचं भोक ९.५ मिमी लागतं; मूळ भोक बहुधा लहान असतं.

सोल्डरिंगआधी जुन्या जोडण्यांचा फोटो काढा. पॉटची पाठ सँडपेपरने घासा, म्हणजे सोल्डर लवकर धरतं. पिकअपच्या वायरी ओढू नका. कॉइलची तार केसासारखी बारीक असते आणि तुटली की पिकअप गेलाच. पिकगार्ड स्क्रूने बसवण्याआधी गिटार अँपला जोडा आणि स्विचच्या पाचही जागी पोलवर स्क्रूड्रायव्हर टेकवून बघा. निवडलेल्या प्रत्येक पिकअपचा टक आवाज आला, तरच तारा चढवा.