शोभेचं झाड रुसलंय? आधी बुंध्याजवळची माती उकरा

लावून एक-दोन वर्षं झालेलं झाड पानं गाळू लागतं, शेंड्याकडून वाळत येतं किंवा वाढ थांबून नुसतंच उभं राहतं, तेव्हा हात पहिल्यांदा खताच्या पिशवीकडे जातो. तो आवरा. मुळं दुखावलेली असताना रासायनिक खत घातलं, की मातीतल्या पाण्यात क्षार वाढतात आणि मुळांना पाणी ओढणं आणखी जड जातं. पानांच्या कडा करपतात त्या त्यामुळेच. कोवळ्या झाडाचं दुखणं बहुतेक वेळा मातीच्या वरच्या वीतभर थरात असतं आणि ते शोधायला खुरपं पुरतं.

त्याआधी झाडात जीव आहे का, ते पाहा. शेंड्याजवळच्या फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं निघालं तर ती गेली. असंच खाली खाली खरवडत या. खोडाच्या तळाशी चारी बाजूंनी तपकिरीच लागलं, तर पुढचा खटाटोप वाया जाईल. चाफा किंवा बहावा पानगळीच्या दिवसांत आपसूक उघडा पडतो, तो आजार नव्हे. खरवडून पाहिलं की लगेच कळतं.

आता बुंधा. मातीत शिरताना खोड पायथ्याशी रुंद होत गेलेलं दिसलं पाहिजे. खांब रोवल्यासारखं ते सरळ आत जात असेल, तर झाड खोल लावलं गेलंय किंवा नंतर त्यावर माती चढलीय. गाडली गेलेली साल सतत ओली राहून कुजते, मुळांना हवा कमी पडते आणि वर पानं लहान-लहान येऊ लागतात. खुरप्याने, शेवटी हातानेच, पहिली जाड मुळं लागेपर्यंत माती हलकेच काढा. वाटेत खोडातून फुटलेली केसांसारखी मुळं आली तर ती तोडायला हरकत नाही. पाच-सात सेंटीमीटरच माती जास्त असेल, तर ती उथळ ताटलीसारखी बाजूला ओढली की भागतं. त्याहून बरंच खोल असेल आणि झाड अजून उचलण्याजोगं असेल, तर वाढ थांबलेल्या थंड दिवसांत मुळांच्या गड्ड्यासह काढून पुन्हा लावा. खड्डा गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, पण खोली गड्ड्याएवढीच. तळाशी भुसभुशीत माती भरली तर झाड पुन्हा खचतं.

उकरलंच आहे, तर खोडाला वेढा घातलेली मुळं आहेत का तेही बघून घ्या. कुंडीत जास्त दिवस राहिलेल्या रोपाची मुळं गोल फिरतात आणि खोड जाड झालं की त्याचाच गळा आवळतात. पेन्सिलीएवढी बारीक मुळं सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) लगेच कापा. जाड मुळं एकदम सगळी नकोत. एका हंगामात एखादंच. नावाच्या पट्टीची तार, सुतळी, पिशवीचा उरलेला तुकडा असं काही खोडाभोवती राहिलं असेल, तर तेही काढा.

पाण्याचा घोळ सगळ्यात फसवा. तहानलेलं झाडही मान टाकतं आणि पाणी जास्त झालेलंही, कारण चिखलात मुळांना हवा मिळत नाही आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून पानं बघून पाणी घालू नका. बोट किंवा काडी १०-१५ सेंटीमीटर आत खुपसा, तीही खोडालगतच्या मूळ गड्ड्यात. भोवतालची माती ओली आणि गड्डा मात्र ठणठणीत कोरडा, असं पहिल्या वर्षी हमखास होतं. माती कोरडी लागली तर खोडाच्या दर अडीच सेंटीमीटर जाडीमागे साधारण पाच लिटर पाणी सावकाश जिरवा. चिकट, आंबूस वासाची लागली तर पाणी ताणा आणि वाफसा येऊ द्या, म्हणजे माती नुसती ओलसर आणि मोकळी होऊ द्या.

निचऱ्याची शंका असेल तर जवळच ३० सेंटीमीटर खोल खड्डा घ्या, एकदा भरून जिरू द्या, मग पुन्हा भरा. पाणी तासाला दोन-तीन सेंटीमीटर उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही तळं दिसलं, तर तिथे आळं करण्याऐवजी झाड उंचवट्यावर घेणंच बरं. लहान बागेत भिंतीलगत बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो, हेही विसरू नका. त्यातल्या चुन्या-सिमेंटमुळे माती विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) होते आणि लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही त्याची खूण. (आधी जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता असू शकते.) राडारोडा उपसल्याशिवाय वरून फवारलेलं लोह तात्पुरतंच काम करतं.

खोडाभोवती अर्धा ते एक मीटर हिरवळ काढून टाका. गवत पाणी पळवतं आणि गवत कापायचं यंत्र साल सोलतं. साल खोडाच्या चौथ्या हिश्शाहून कमी गेली असेल तर झाड सावरतं, निम्म्याहून जास्त गेली तर आशा थोडी. मोकळ्या जागेवर पालापाचोळ्याचं पाच ते आठ सेंटीमीटर आच्छादन घाला, पण खोडापासून चार बोटं दूर. खोडाला टेकवून ढीग रचणं म्हणजे झाड पुन्हा खोल गाडणंच.

छाटणीत फक्त वाळलेलं, मोडलेलं आणि कीड लागलेलं काढा. हिरव्या पानांतूनच झाडाला नवी मुळं फोडायचं बळ मिळतं, त्यामुळे ‘हलकं करू’ म्हणून कापू नका. फांदीच्या बुडाशी जो फुगीर कंगोरा असतो, त्याच्या जरा बाहेर काप घ्या; जखमेवर रंग लावायची गरज नाही. कलमी झाडाच्या जोडाखालून आलेले फुटवे मात्र लगेच मोडा. ते खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचे असतात आणि वरच्या कलमाचं अन्न खातात.

आधाराची काठी वर्ष झाल्यावर काढा. वाऱ्याने हललं की खोड जाड आणि बळकट होतं.

इतकं केल्यावर लगेच पालवी फुटेल अशी अपेक्षा नको. आधी मुळं, मग पानं. पूर्ण एक वाढीचा हंगाम द्या. नव्या फुटव्यांची लांबी मागच्या वर्षीपेक्षा वाढलेली दिसली, की मग आच्छादनाखाली दोन-तीन ओंजळी कुजलेलं शेणखत पसरा.