पाण्याच्या गॅसवर चांदीची झाळ: वॉटर टॉर्च कसा चालवावा

नाशिकच्या सराफ बाजारात साखळी, पैंजण, जोडवी झाळायला, म्हणजे डाग देऊन सांधायला, वॉटर टॉर्च उत्तम. त्याचं मशीन पाण्यातून २ भाग हायड्रोजन आणि १ भाग ऑक्सिजन काढतं, आणि दोन्ही एकाच नळीतून मिसळूनच येतात. म्हणून हा गॅस फुग्यात, बाटलीत, टाकीत कधीही साठवू नका. एका ठिणगीने स्फोट होईल. घरी डबे जोडून मशीन बनवायच्या फंदात तर पडूच नका. तयार मशीन घ्या, आणि त्याला ज्योत मागे येऊ न देणारा फ्लॅशबॅक अरेस्टर आहे ना, ते आधी बघा.

सेलमध्ये, म्हणजे मशीनच्या ज्या टाकीत पाण्याचा गॅस होतो तिच्यात, डिस्टिल्ड वॉटर आणि कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) लागतं. कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर ३ लिटर पाण्याला १ किलो, म्हणजे साधारण २५ टक्के. चष्मा आणि रबरी हातमोजे घालून पोटॅश पाण्यात थोडं थोडं टाका. पोटॅशवर पाणी ओतलंत तर ते उसळून अंगावर येईल. ॲल्युमिनियमचं भांडं नको, पोटॅश ते खातं. गंगापूर धरणाचं नळाचं पाणीही नको. त्यातल्या क्लोराइडमुळे स्टीलच्या प्लेटांना बारीक खड्डे पडतात. पोटॅश खर्च होत नाही, पाणीच कमी होतं: ताशी १५० लिटर गॅसला सुमारे ८० मिली. तेवढं डिस्टिल्ड वॉटर भरत राहा.

नुसती ज्योत सुमारे २,८०० अंशांची, आणि उजेडात जवळजवळ दिसतच नाही. म्हणून गॅस मशीनच्या वेगळ्या भांड्यातल्या (त्याला फ्लक्सचं भांडं म्हणतात) मिथेनॉलमधून नेतात. ज्योत दिसू लागते, थोडी निवते आणि चांदी कमी काळवंडते. मिथेनॉल मशीन बंद असतानाच भरा. ते विषारी आहे.

चांदी ९६२ अंशांना वितळते, तेव्हा ज्योत एका जागी धरू नका. सवागी (टाकणखार) लावा, आधी सगळा दागिना तापवा, मग सांध्यावर या. ताम्हनासारख्या मोठ्या भांड्याला हे मशीन पुरत नाही. चांदी उष्णता ओढून नेते. लोखंडाच्या वेल्डिंगलाही २:१ ची ज्योत बरी नाही, सांधा ऑक्साइड धरून ठिसूळ होतो. तिथे हायड्रोजन जास्त लागतो.

‘फट्’ आवाज आला म्हणजे ज्योत नोझलमध्ये शिरली. बहुधा मशीनच्या मानाने नोझलचं भोक मोठं असतं, नाहीतर टोक फार तापलेलं किंवा कचऱ्याने अडलेलं. व्हॉल्व्ह तत्काळ बंद करा. वीज गेली तरी आधी व्हॉल्व्हच. दाब उतरला की ज्योत मागे सरकते. रोज काम संपल्यावर टोक पाण्यात बुडवून ज्योत विझवा आणि मगच मशीन बंद करा.