धड आवडलाही नाही, धड नावडलाही नाही: अशा भागाविषयी मत कसे बनवावे

विनोद आणि गांभीर्य एकत्र नांदवणाऱ्या मालिकेचा एखादा भाग पाहून झाल्यावर मन द्विधा होते. अशा वेळी लगेच मत देऊ नये. एक रात्र मध्ये जाऊ द्यावी आणि भाग पुन्हा न पाहता त्यातले जे आठवते ते कागदावर उतरवावे. आपली तक्रार बहुधा त्यातच दडलेली असते. त्यानंतर भाग दुसऱ्यांदा पाहून, जिथे मन खट्टू झाले ते नेमके मिनिट टिपावे. ‘उत्तरार्ध फसला’ एवढ्याने काहीच कळत नाही. ‘२१व्या मिनिटाला मुलगी रडू लागली, तोच शेजाऱ्याच्या तोंडी विनोद आला आणि तिचे रडणे वाया गेले’ असे लिहिले, तर त्यावर बोलता येते.

यापुढची पायरी सर्वांत अवघड आहे, ती म्हणजे घडलेल्या घटनेचा राग आणि लेखनातला दोष वेगळा करणे. कोरियन युद्धातील लष्करी रुग्णालयावरची ‘मॅश’ ही अमेरिकी मालिका (१९७२ ते १९८३) यासाठी उत्तम उदाहरण आहे. मार्च १९७५ मध्ये दाखवलेल्या तिसऱ्या पर्वाच्या अखेरच्या भागात रुग्णालयाचे प्रमुख कर्नल हेन्री ब्लेक यांना घरी परतण्याची परवानगी मिळते, थट्टामस्करीत निरोप होतो, आणि शेवटी ‘रडार’ या टोपणनावाचा त्यांचा कारकून शस्त्रक्रियागृहात येऊन त्यांचे विमान पाडले गेल्याची व कोणीही न वाचल्याची बातमी वाचून दाखवतो. त्यानंतर कोणी काही बोलत नाही, शस्त्रक्रिया चालूच राहतात, आणि कुठेतरी एक उपकरण खाली पडल्याचा आवाज होतो. अनेक प्रेक्षकांनी संतापून पत्रे लिहिली. त्यांचा राग खरा होता, पण तो मृत्यूवरचा होता. युद्धात माणूस असा अचानक जातो, हेच तर लेखकांना सांगायचे होते. आधीचे हसू त्या बातमीची तयारी करत होते, म्हणून माझ्या मते तिथे लेखन चुकले नाही.

विनोद पात्राच्या स्वभावातून आला की शांतता सहन न झाल्यामुळे घुसडला गेला, हेही तपासावे. ‘मॅश’मध्ये ध्वनिमुद्रित हशा होता, परंतु शस्त्रक्रियेच्या दृश्यांतून तो निर्मात्यांनी आग्रहाने वगळून घेतला होता. आपल्या समोरच्या भागात पार्श्वसंगीत कुठे थांबते आणि कुठे नको तितके रेंगाळते, हे ऐकले की पुष्कळ उलगडा होतो. (अभिनयाबद्दल मात्र घाई करू नये, सुमार संवाद वाट्याला आलेला नट विनाकारण बदनाम होतो.)

लिहिताना चांगल्या-वाईटाची सरासरी काढून ‘ठीक होता’ असे म्हणू नये. खटकलेला प्रसंग आणि भावलेला प्रसंग शेजारी शेजारी मांडावेत आणि एकामुळे दुसऱ्याचे काय झाले ते सांगावे. कथानकाचा एखादा धागा मुद्दाम पुढच्या भागासाठी सोडला असल्याची शंका असेल, तर तेवढ्यापुरते मत राखून ठेवावे आणि तसे स्पष्ट लिहावे.