मुलांच्या समुपदेशनात मॉड्यूल पद्धत कशी वापरावी

चिंता, उदासी, आघातानंतरचा त्रास आणि वर्तनाच्या तक्रारी या चारही प्रश्नांवर परिणामकारक उपचार आहेत. अडचण अशी की, एकाच मुलात यांपैकी दोन-तीन प्रश्न एकत्र असतात आणि आज मुख्य वाटणारा प्रश्न महिनाभराने मागे पडतो. म्हणून अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रूस चॉर्पिटा आणि जॉन वाइझ यांनी सिद्ध तंत्रांची ३३ सुटी मॉड्यूल (म्हणजे गरजेप्रमाणे निवडून जोडता येणारे उपचाराचे छोटे भाग) तयार केली आणि कोणते केव्हा वापरावे याचे तक्तेही दिले. मॅसॅच्युसेट्स व हवाई येथील ७ ते १३ वर्षांच्या १७४ मुलांवरील, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा आणि एकेका विकारासाठीच्या ठरावीक पुस्तिकांपेक्षाही सरस ठरली. नंतरच्या सर्वच चाचण्यांत इतका ठळक फरक दिसला नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पहिल्या भेटीत मूल आणि पालक यांच्याशी वेगवेगळे बोलून प्रत्येकाच्या तीन प्रमुख तक्रारी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्याव्यात, त्रास किती होतो यावरून त्या तक्रारींना ० ते १० गुण द्यायला सांगावे (जितका त्रास जास्त तितके गुण जास्त) आणि दर आठवड्याला तीच विचारणा करावी. स्वतःला इजा करण्याचे विचार आढळल्यास मात्र हा क्रम थांबवून मुलाला विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे; टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो.

चिंता हा मुख्य प्रश्न असेल, तर भीतीची शिडी, म्हणजे कमी भीतीच्या गोष्टीपासून जास्त भीतीच्या गोष्टीपर्यंतच्या पायऱ्या, तयार करावी. वर्गात तोंड न उघडणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी घरी आईला धडा मोठ्याने वाचून दाखवणे, मैत्रिणीसमोर वाचणे, रिकाम्या वर्गात बाईंना एक ओळ वाचून दाखवणे आणि शेवटी भर वर्गात फळ्याजवळ उभे राहून गणित समजावणे, अशा पायऱ्या असू शकतात. भीती स्पष्टपणे उतरेपर्यंत एकच पायरी पुनःपुन्हा करावी आणि त्या वेळी आईने तिच्या वतीने उत्तर देऊ नये. दीर्घ श्वास शिकवणे आपल्याला सोपे जाते, म्हणून त्यातच चार भेटी घालवण्याचा मोह होतो; खरा उपयोग पायऱ्यांच्या सरावाचाच होतो.

समजा, तिसऱ्या पायरीवर मुलगी वही फेकून देते आणि सरावालाच नकार देते. अशा वेळी शिडी मोडीत काढू नये. एक-दोन भेटी वर्तनाच्या मॉड्यूलला द्याव्यात. पालकांना नेमके कौतुक करायला शिकवावे: नुसते ‘शहाणी गं माझी’ न म्हणता ‘पहिल्यांदा सांगताच वही उघडलीस, छान केलंस’ असे म्हणावे, आणि सोबत छोट्या बक्षिसांचा तक्ता ठेवावा. तिचे सहकार्य मिळू लागले की त्याच पायरीवर परतावे. उदासी आडवी आली, तर आनंद देणारी कामे दिवसाच्या वेळापत्रकात बसवण्याचे मॉड्यूल याच रीतीने मध्ये घ्यावे.

सलग काही आठवडे गुण उतरत नसतील, तर मॉड्यूल बदलण्याआधी घरी सराव खरोखर होतो का, हे मुलाला आणि पालकांना वेगवेगळे विचारावे.